चार्ज देणार, चार्ज घेणार

६ मे २०२५

दादा,

तुझं कार्ड परवा मिळालं. नेहमीचीच दोन वाक्यं. "सगळी खुशाल असाल. तिकडचं वातावरण निवळलं का ते कळव." तेरा वर्षं झाली, सुरतेहून तू हेच लिहितोस. बायको कशी आहे हे विचारायला तिसरं वाक्य लागतं, ते काही तुझ्या हातून होत नाही.

असू दे. भांडायला बसलेली नाही मी, तेवढा दम राहिलेला नाही. ३१ तारखेला मी रिटायर होतेय. सव्वीस वर्षं या उपकेंद्रात नर्सबाई म्हणून काढली. अंजूरच्या आजूबाजूची निम्मी पोरं माझ्या हातात जन्मली आणि आता तीच मोठी होऊन अंगावर गाडी घालतात, वर "ओ सिस्टर, बाजूला" म्हणतात. गुडघ्यांचं तर विचारूच नकोस. जिना दिसला की मला खालूनच घाम फुटतो.

रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं. म्हणजे मी आणि वहिनी, दोघींनी. आई गेल्यापासून ती माझ्याकडेच आहे. आता दोघी वडप्याच्या आपल्या घरी जाऊ म्हणतोय. किल्ली तिच्यापाशीच आहे. मागं गोदाम, पुढं गोदाम, मधे आपलं घर. कंटेनर वळला की फळीवरची भांडी वाजतात. पण छप्पर शाबूत आहे, आणि दोन म्हाताऱ्यांना किती जागा लागते!

त्याआधी मला चार्ज द्यायचाय. या नोकरीत स्वतःच्या नावापेक्षा हा शब्द मी जास्त ऐकला असेन. चार्ज द्यायचा म्हणजे बीपीचं मशीन, वजनकाटा, लसीचा डबा, कपाटं, कपाटातली रजिस्टरं, झाडून सगळ्याची यादी करायची आणि खाली दोन सह्या. डावीकडे चार्ज देणार, उजवीकडे चार्ज घेणार. यादीत आलं ते घेणारीच्या गळ्यात, राहिलं ते देणारीच्या.

वहिनीला चार्ज म्हणजे फोनचाच ठाऊक. रोज संध्याकाळी विचारते, "तुळजाबाय, फोन चार्ज केलास ना?" का तर तुझा फोन येईल. फोनवरनं पोलीस माग काढतात, म्हणून फोन करणार नाही, असं तूच कळवलं होतंस. मी तिला ते सांगते. ती ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.

वातावरणाचं म्हणशील, तर अजून येऊ नकोस. केस आहे तशीच आहे.

तुळजा


१४ मे

दादा,

तुझ्या उत्तराची वाट न बघता हे दुसरं लिहितेय. उन्हानं जीव नकोसा झालाय आणि कामही सरत नाही.

माझ्या जागेवर येणारी मुलगी हजर झाली. मृणाली नाव. सव्वीसेक वर्षांची असेल, हुशार आहे, पण भारी चिकट. मी म्हटलं, यादी मागच्या चार्जची आहे, तीच उतरवून काढ. तर म्हणते, "नाही सिस्टर, मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन लिहिणार. उद्या ऑडिट आलं तर मला विचारतील." खरंच हातात घेऊन लिहिते. मोडक्या खुर्चीला "खुर्ची, तीन पायांची" असं लिहिलंन. रजिस्टरात एखादा सुटा कागद सापडला तर त्यालाही वेगळा नंबर देते. मीसुद्धा तिच्या वयाची असताना असंच केलं होतं म्हणून बोलता येत नाही.

परवा वहिनी आम्हाला चहा घेऊन आली. मृणाली गमतीनं म्हणाली, "मावशी, सिस्टर रिटायर झाल्यावर तुमचा चार्ज कोणाकडे?" वहिनीला वाटलं ती फोनचंच म्हणतेय. मग मृणालीनं मोबाइलात डिक्शनरी काढली आणि वाचत सुटली. ताबा म्हणजे चार्ज. आकारतात तो आकार म्हणजे चार्ज. विजेचा भार. बंदुकीत ठासतात ती दारू. बैल शिंगं रोखून धावून येतो तेही चार्जच. आरोप. आणि खाली कुठेतरी, सांभाळायला सोपवलेलं माणूस. हे तिनं दोनदा वाचलं. मी म्हटलं, इंग्रजांनी जगभरचं सगळं गोळा केलं, शब्दच तेवढे गोळा करायचे राहिले वाटतं. मृणाली हसली.

वहिनी नाही हसली. तिनं विचारलं, "आरोप म्हंजी?"

"चार्जशीट नाही का मावशी, पोलीस करतात ते."

वहिनीनं कप उचलले आणि आत गेली. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "त्यांच्यावं लावला तो ह्योच ना?" मी भात वाढला.

दादा, त्या वेळचं मला तू सांगितलंस तेवढंच ठाऊक होतं. भिवंडीत तुझ्या लूमच्या कारखान्यात शॉर्टसर्किट झालं, बिहारचा एक कारागीर आत अडकून गेला. पहिल्या दिवशी पोलिसांनी तुझा जबाब घेतला. दुसऱ्या दिवशी शेठ तुला म्हणाला, "सावळाराम, मुकादम तू है, चार्ज तेरे पे ही लगेगा, निकल जा." तू पाठीवर पिशवी टाकून निघालास. तुझ्या मागनं पोलीस घरी आले होते, हेही खरं. आई दाराशी बसून होती, तिनंच त्यांना पाणी दिलं.

आता एक गोष्ट माझ्या मनाला खातेय. मधल्या कपाटात एक कागद आहे. तो उपकेंद्राचा नाही, माझा आहे, आणि तुझ्याविषयीचा आहे. यादी त्या कपाटापर्यंत पोचायच्या आत मला तो काढून घ्यायला हवा. वहिनी दिवसभर आसपास असते आणि कपाटाची किल्ली आता मृणालीच्या कमरेला. बघते कसं जमतं ते.

तुळजा


२२ मे

दादा,

नाही जमलं.

काल मला अचानक तालुक्याला मीटिंगला बोलावलं. दहा दिवस राहिलेल्या बाईला मीटिंगला बोलावून काय करतात देव जाणे. मी तिकडे पंख्याखाली बसलेली असताना इकडे मृणालीनं मधलं कपाट काढलं. वहिनी एकेक रजिस्टर झटकून तिच्या हातात देत होती. तेरा सालच्या लसीकरणाच्या रजिस्टरातनं कागद पडला. मृणालीनं रिवाजाप्रमाणे त्याला नंबर दिला. अनुक्रमांक ६३, सुटा कागद, पोलिसांचा, पाने चार.

वहिनीनं विचारलं, "कोनाचा कागद गं बाय?"

त्या पोरीचा काय दोष? तिनं वाचून दाखवला. कारखान्याच्या आगीचं चार्जशीट. आरोपी दोन, शेठ आणि वायरिंग करणारा. साक्षीदार सहा. "मावशी, हे बघा, चौथा साक्षीदार तुमचेच मिस्टर. सावळाराम, मुकादम."

मी आले तेव्हा वहिनी पायरीवर बसली होती, कागद मांडीवर. "ह्यो कधीचा?" तिनं विचारलं. मी सांगितलं, तेरा सालचा. तिनं बोटांवर वर्षं मोजली. बारा झाली तेव्हा थांबली आणि कागद माझ्या हातात दिला.

आज सकाळपासून ती माझ्याशी बोललेली नाही. आज याहून जास्त लिहिता येत नाही.


२५ मे

दादा,

तर हे असं आहे. तुझ्यावर केस नाही. कधी नव्हतीच. चार्जशीटमध्ये तुझं नाव साक्षीदारांत आहे. पोलीस घरी आले होते ते तुला पकडायला नाही, कोर्टात जबाब द्यायला ये म्हणून सांगायला. शेठनं तुला घाबरवून घालवलं, कारण तू वायरिंगबद्दल त्याला आधी तीनदा सांगितलं होतंस आणि ते तू कोर्टात बोलला असतास. पुढं त्या केसचं काय झालं ते मी विचारलंही नाही.

कागद मला एका वकिलानं आणून दिला, हे सगळं त्यानंच सांगितलं. त्याच्या बायकोचं बाळंतपण मी केलं होतं, तिच्या ओळखीवर मीच मागितला होता. तुला सोडवायला मागितला होता, दादा, हे तरी खरं मान. मिळाला त्या दिवशी मी तुला पत्र लिहायला बसलेसुद्धा. "दादा, ताबडतोब निघून ये," एवढं लिहून झालं होतं.

समोर वहिनी डाळ निवडत होती. डाव्या हातानं. आग लागायच्या दोन महिने आधी तू तिचं उजवं मनगट मोडलं होतंस, ते नीट बसलं नव्हतं. रिक्षातनं ती एकटी माझ्याकडे आली होती, वडप्याहून इथवर, हात ओढणीत बांधून. मी पट्टी बांधत होते आणि ती म्हणत होती, "तुळजाबाय, कोनाला सांगू नको, त्यांचा डोका गरम हाय पर मन वाईट न्हाय." तुझ्या मनाचं मला काय करायचंय? हाड मोडलं होतं.

मी ते पत्र चुलीत घातलं. कागद मात्र फाडला नाही. दहादा मनात आलं. पण सरकारी नोकरीत हात असे वळतात की कागद फाडवत नाही, कुठेतरी लावून ठेवावा लागतो. म्हणून तो रजिस्टरात लावला. आणि बारा वर्षं तुला लिहीत राहिले, अजून नको.

इथपर्यंत लिहून मला वाटलं, झालं, एवढंच सांगायचं. मनगटाचं कारण चांगलं आहे, कोणीही मान डोलवेल. पण मनगट वर्षभरात बरं झालं, दादा. पुढच्या अकरा वर्षांना ते कारण पुरत नाही.

मी एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाले. पोर नाही, बाळ नाही. लोकांच्या घरी पेढे खाऊन यायचं आणि कुलूप उघडायचं, असं मी सतरा वर्षं केलं. मग आई गेली आणि वहिनी पिशवी घेऊन आली. पहिल्या दिवशी मी कॅम्पवरनं आले तर दार उघडं, आत माणूस, आणि ते माणूस मला म्हणतं, "आलीस का बाय, पाय धू." मी पाय धुवायला गेले आणि मोरीत रडले. हे माणूस मला सोडायचं नव्हतं. तू आला असतास तर ती गेली असती, मार खायला का होईना, गेली असती. म्हणून मी तुला तिकडे ठेवलं आणि तिला इकडे. ती तुझ्या फोनची वाट बघत होती, तू माझ्या पत्राची. दोघांच्या मधे मी जेवत होते, झोपत होते, सुखात होते. खोटं कशाला सांगू?

पोलिसांनी तुझ्यावर लावला नाही तो चार्ज मी लावला. त्याची शिक्षाही तुला भोगायला लावली, आणि तिलाही.

मी थकले आहे. सव्वीस वर्षांच्या नोकरीनं नाही, याच्यानं. दर वर्षी तुझं कार्ड आलं की मला ताप भरायचा. आता तू ये, शिव्या दे, काय करायचं ते कर.

तुळजा


१ जून

दादा,

काल चार्ज दिला. डावीकडे माझी सही, उजवीकडे मृणालीची. अनुक्रमांक ६३ वर तिनं रेघ मारली आणि पुढं लिहिलं, "वैयक्तिक, परत केला." कागद आता वहिनीकडे आहे, जाताना ती तो घेऊन गेली.

वहिनी इथं नाही. २६ तारखेला सकाळी ती वडप्याला गेली. मी कामावर निघताना तिनं पिशवी भरलेली दिसली. मी म्हटलं, पाच दिवस थांब, दोघी मिळून जाऊ. तेव्हा ती चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"तुमी भाव-भहीन येका माळंचं मनी. त्यानी मना न इचारता सोडलं, तुनी मना न इचारता ठेवलं."

मी म्हटलं, "वहिनी, तो तुला मारायचा."

"व्हय, मारायचा. मार मी खाल्लाय, तुनी न्हाय. मंग परत जायाचं का न्हाय ते पन माजंच ना? कदाचित न्हाय गेली असती. मना कागद दाखवला असतास, तं मी तुज्याच दारात बसून त्याला न्हाय म्हनली असती. ते म्हनायचं पन तुनी मना ठेवलं न्हाय."

दादा, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी धरून चालले की ती जाणारच. बारा वर्षं एका ताटात जेवलो, तिला काय हवंय हे मी विचारलं नाही, कारण तिचं उत्तर मीच ठरवून टाकलं होतं. बायकांना रोज विचारते मी, पाळी कधी आली, पुढचं मूल हवं की नको, ऑपरेशनला तुमची स्वतःची तयारी आहे ना. सही त्यांचीच घेते, नवऱ्याची चालवून घेत नाही. गावात त्यावरनं भांडले आहे. आणि घरात हे.

निरोपाच्या कार्यक्रमाला शाल दिली, नारळ दिला. एका बाईनं भाषणात सांगितलं की सिस्टरनी आपल्या भावजयीला बहिणीसारखं सांभाळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल पांघरून बसून राहिले.

मृणाली म्हणाली, "सिस्टर, घाई नका करू, मागची खोली मला लागत नाही, राहा थोडे दिवस." म्हणून त्या खोलीत आहे. ज्या घरात सव्वीस वर्षं राहिले त्याच घरात पाहुणी.

तुळजा


९ जून

दादा,

तुझं कार्ड आलं. या वेळी एकच वाक्य. "मग मी येऊ का?" मला वाटलं होतं तू शिव्या देशील. तेरा वर्षं लपलेला माणूस अजूनही परवानगीच मागतोय, हे वाचून मला तुझी दया आली आणि माझी लाज वाटली. पण दादा, हा प्रश्न तू चुकीच्या बाईला विचारलास. आणि आजवर मीही चुकीची असून उत्तर देत आले.

म्हणून काल वडप्याला गेले. वहिनी घरीच होती. शेजारच्या गोदामात पॅकिंगला लागली आहे, काल सुट्टी होती. भिंतीला चुना लावलाय. ओटीवर बसवून तिनं मला पाणी दिलं, आत नाही बोलावलं. मनगटाला गरम पट्टा बांधला होता, टेप ओढून दुखतं म्हणाली. मी हात पुढं केला बघायला. तिनं नको म्हटलं.

तुझं कार्ड मी तिला वाचून दाखवलं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते: "त्याला लिव, तुज्यावर केस न्हाय, तू मोकला हाय. घर तुज्या नावाचं हाय पर राहतो मी. मना भेटायचं असल तं दिवसा यावं, मानसांदेखत यावं, ओटीवर बसावं. हात उचलायचा न्हाय. राहायचं का काय ते मी मंग सांगन. आनि न्हाय म्हनली तं गुपचूप जावं." लिहून झाल्यावर तिनं मला ते परत वाचायला लावलं आणि "गुपचूप" शब्दाला मान हलवली.

आता माझं. मी जन्मात कोणाकडे काही मागितलं नाही, म्हणून कसं मागतात तेही नीट येत नाही. मी म्हटलं, "वहिनी, माझी खोली सुटतेय. मी इथं राहायला येऊ का? तू सांगशील तसं राहीन."

समोर एक कंटेनर मागं येत होता, त्याचा क्लीनर "आने दे, आने दे" ओरडत होता. तो लागेपर्यंत ती तिकडेच बघत राहिली.

मग म्हणाली, "न्हाय, तुळजाबाय."

मी वाट बघितली, पुढं काहीतरी म्हणेल. आत्ता नाही, पावसाळ्यानंतर बघू, असं काही. तसं ती काही म्हणाली नाही. मला राग आला, दादा. एवढं केलं मी हिच्यासाठी, असं अगदी जिभेवर आलं. दात दाबून बसले. जे बारा वर्षं मी तिला म्हणू दिलं नाही, ते ती मला म्हणाली आणि मी ते ऐकलं. त्या ओटीवर माझ्याच्यानं दुसरं काही होण्यासारखं नव्हतं.

उठताना गुडघ्यातनं कळ आली. तिनं हात दिला, डावा. मी उभी राहिल्यावर सोडला.

अंजूरला एक खोली बघितली आहे, खालची, जिना नाही. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. तू आलास तर आधी तिच्याकडे जा, दिवसा. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. वहिनीलाही हा पत्ता देऊन आलेय. तिनं चिठ्ठी घेतली, घडी केली आणि ब्लाउजात ठेवली. मग मी हायवेला आले आणि रिक्षा मिळेपर्यंत तिथं उभी राहिले.

तुळजा